मूठभर भुशाचं वजन

मूठ म्हणजे नक्की केवढी, हा प्रश्न गुंजसाहेबांना त्या रविवारी सकाळी पडला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. बाकीच्या जगाला असले प्रश्न पडत नाहीत. जग मूठभर म्हणतं, मूठभर घेतं आणि आपल्या कामाला लागतं. पण गुंजसाहेब एकतीस वर्षं वजनमापांच्या खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनं खरी की खोटी ते पाहायचं, हे त्यांचं काम. सोनाराच्या गुंजेएवढासुद्धा फरक ते खपवून घेत नसत, म्हणून बाजाराने त्यांना हे नाव ठेवलेलं. (त्यांना ते कौतुकाचं वाटे. बाजाराचा हेतू वेगळा होता.)

तर मूठ. ती कुठून आली, ते आधी सांगायला हवं.

साहेबांचं नवं घर गावाच्या टोकाला, खडकाळ उतारावर होतं. सांडपाण्याची लाइन तिथवर यायला अजून दोन-तीन वर्षं लागणार होती आणि खडक फोडून टाकी बांधायची म्हणजे घराहून टाकीच मोठी झाली असती. तेव्हा बायकोने सरळ बिनपाण्याचा संडास बसवून घेतला. दिसायला तो चारचौघांसारखाच. सीट, झाकण, उजेडाची खिडकी. फक्त पाण्याची टाकी नाही. धुण्याची सोय शेजारी वेगळी, तिचं पाणी बागेला. सीटच्या खाली एक आडवं पिंप. आपलं काम झालं की वरून मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा आणि झाकण लावायचं. आठवड्यातून एकदा बाहेरच्या अंगाला असलेला दांडा धरून पिंप पाच वेळा फिरवायचं, की आतलं सगळं कालवलं जातं आणि सावकाश त्याचं खत होतं. वास येत नाही. साहेबांनी पहिले आठ दिवस नाक लावून तपासणी केली होती आणि काहीच सापडलं नाही म्हणून थोडे हिरमुसलेही होते.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग त्या रविवारी साहेबांनी संडासाबरोबर आलेली माहितीपुस्तिका चौथ्यांदा वाचायला घेतली. 'प्रत्येक वापरानंतर एक मूठ भुसा टाकावा,' असं तिसऱ्या पानावर छापलं होतं, आणि तिथेच त्यांचं घोडं अडलं.

"मूठ कोणाची?" त्यांनी बायकोला विचारलं.

"ज्याचं काम त्याची," बायको म्हणाली.

बायको बेकरीत भट्टीवर होती. वीस वर्षं कणीक तिंबून तिचा पंजा चांगला रुंद झालेला. उलट सासूबाई चार महिन्यांपूर्वी लेकीकडे राहायला आल्या तेव्हापासून पाखरासारख्या चिमटीने जेवत होत्या. एकाच घरात, एकाच पिंपात दोन वेगळ्या मुठी पडताहेत, हे साहेबांना दुकानदाराने एका गिऱ्हाइकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वजन लावण्याइतकं गंभीर वाटलं. त्यांनी तिघांच्याही मुठी मोजायचं ठरवलं. स्वयंपाकघरातला काटा होता, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. (तो त्यांनीच दोनदा नापास केला होता.) म्हणून ते बंद ऑफिस आपल्याजवळच्या किल्लीने उघडून तिथला छोटा तराजू आणि प्रमाण वजनांची पेटी पिशवीत घालून घरी घेऊन आले.

इथे जरा थांबा, कारण हे साधं नाही. प्रमाण वजनं म्हणजे ज्यांच्याशी ताडून बाकीची वजनं खरी-खोटी ठरवायची ती. मखमलीचं अस्तर असलेली लाकडी पेटी, प्रत्येक पितळी वजनाला त्याचा स्वतःचा खळगा. ती पेटी ऑफिसाबाहेर नेता येत नाही. हा नियम साहेबांनीच भिंतीवर लावला होता. शिवाय येत्या बुधवारी ते सेवानिवृत्त होणार होते. पेटी नव्या निरीक्षकाच्या हवाली करायची, सही घ्यायची आणि एकतीस वर्षांत एकही ठपका नसलेला माणूस म्हणून बाहेर पडायचं, ही एकच गोष्ट त्यांना आता आयुष्याकडून हवी होती. एका रविवारने काय बिघडणार होतं?

मुठी मोजल्या. बायकोची चौतीस ग्रॅम, सासूबाईंची बारा, साहेबांची स्वतःची बरोबर वीस. प्रमाण मूठ म्हणून वीस ग्रॅम मुक्रर झालं. (योगायोग म्हणायचा.) मग त्यांनी वर्तमानपत्राचे सारखे तुकडे केले. एका तुकड्याचं वजन दोन ग्रॅम भरलं. तेव्हा डाव्या पारड्यात वीसचं आणि दोनचं वजन, उजव्यात कागद आणि भुसा, असं करत दुपारपर्यंत चाळीस पुड्या बांधल्या. पुडी सोडायचीसुद्धा नाही, तशीच आत टाकायची, कागदही कुजतोच. शेवटची पुडी बांधताना दाराची घंटा वाजली. साहेब उठले, गुडघा टेबलाला लागला, तराजू डुचमळला. त्यांनी सगळं सावरलं, हातातली पुडी घाईघाईने दुमडून टोपलीत सगळ्यांच्या वर ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि दार उघडलं.

दारात शेजारच्या नर्सबाई होत्या. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. "आईंचा चष्मा आमच्याकडे राहिला होता," त्या म्हणाल्या आणि चष्मा देऊन गेल्या. सासूबाई रोज सकाळी त्यांच्याकडे ब्लडप्रेशर तपासायला जात. साहेबांना त्याचं फार कौतुक होतं. या वयात इतकी काळजी कोण घेतं? कधी कधी त्या दिवसातून दोनदाही तपासून येत. त्या रविवारी तर सकाळपासून त्यांचं पोट बिघडलं होतं, तरी दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी ब्लडप्रेशर चार वेळा तपासलं.

दुपारीच साहेबांनी संडासाच्या दारावर एक तक्ता टांगला. तीन रकाने, तिघांचे. पुडी घेतली की आपल्या रकान्यात एक खूण करायची, शेजारी वेळ.

"मीसुद्धा?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"सगळ्यांनीच, आई. नाहीतर पुड्यांचा मेळ कसा बसणार?"

सासूबाईंनी मान डोलावली. बायकोने मात्र नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही बुधवारनंतर दिवसभर घरात असणार, नाही का हो?" तिच्या आवाजात काय होतं ते साहेबांना कळलं नाही.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या त्यांनी पेटी उघडली. दोन ग्रॅमचा खळगा रिकामा होता.

त्यांनी पिशवी उलटी केली, टेबलाखाली वाकून पाहिलं, शिपायाला उभं करून त्याच्या पायाखालची जागा पाहिली. मग त्यांना घंटा आठवली, गुडघा आठवला, डुचमळलेला तराजू आठवला, आणि ते वजन कुठे गेलं असणार ते लख्ख दिसलं. शेवटच्या पुडीत. ते पोटात कळ आल्याचं सांगून घरी धावले. (त्या क्षणी ते खोटंही नव्हतं.) टोपलीतल्या उरलेल्या सगळ्या पुड्या सोडल्या. भुसा, भुसा आणि भुसा. त्या पुन्हा बांधून ठेवल्या आणि मग तक्ता पाहिला. वरची पुडी पहिल्यांदा उचलली जाणार, आणि पहिली खूण होती सासूबाईंच्या रकान्यात.

"आई," साहेब शक्य तितक्या अदबीने म्हणाले, "काल दुपारची तुमची पहिली पुडी. ती जरा जड लागली का हो हाताला?"

सासूबाईंचा चेहरा एकदम गोरामोरा झाला. "नाही बाई," त्या म्हणाल्या, "तसं काही नाही," आणि घाईघाईने आत निघून गेल्या. जावयाने असं काही विचारावं याचा त्यांना संकोच वाटला असेल, असं साहेबांना वाटलं आणि त्यांनी विषय वाढवला नाही.

म्हणजे वजन पिंपात होतं. निदान ते वरच्या थरात असेल, एवढा धीर त्यांनी स्वतःला दिला. तो धीर बायको कामावरून येईपर्यंत टिकला.

"पण पिंप तर मी सकाळी जाताना फिरवलं," ती म्हणाली. "सोमवार ना आज. पाच वेळा. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय तसं."

साहेब पायरीवर बसले. चार महिन्यांचा सगळा ऐवज आणि त्यात हरभऱ्याएवढं एक पितळी वजन, पाच वेळा कालवलेलं. ते सापडलं नाही तर पेटी अपुरी, पेटी अपुरी तर लेखी खुलासा, आणि खुलाशात वजन कुठे गेलं हे स्वतःच्या हाताने लिहायचं. त्यांनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढलं, सुतळीला बांधलं आणि सीटवरून आत सोडून तासभर ते गळ टाकून बसल्यासारखे बसले. शेवटी बायको दाराशी येऊन उभी राहिली.

"पितळ चुंबकाला चिकटतं का हो?"

एकतीस वर्षं पितळ हाताळलेल्या माणसाने निमूटपणे सुतळी गुंडाळली.

मग त्यांनी खुलाशाचा मसुदा लिहायला घेतला. तो असा: 'खुलासा करण्यात येतो की, दोन ग्रॅमचे प्रमाण वजन हे निम्नस्वाक्षरीकर्त्याच्या राहत्या घरी शौचालयविषयक कामकाजात वापरात असताना सदर शौचालयाच्या पिंपात प्रविष्ट झाल्याचा दाट संशय आहे. सदर पिंप त्यानंतर नियमानुसार पाच वेळा फिरवण्यात आले असल्याने...' पुढे त्यांना सुचेना. बायकोने मसुदा दोनदा वाचला. "'प्रविष्ट' छान आहे," ती म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिलाही वाईट वाटत होतं. हा माणूस त्रासदायक होता, पण एकतीस वर्षांत त्याने कुणाच्या पेढीवर चहासुद्धा फुकट प्यायला नव्हता, आणि जाता जाता त्याचं असं हसं व्हावं हे तिला बघवत नव्हतं. "उद्या अर्धी रजा टाका," ती म्हणाली. "मी मिस्त्रीकडून वाळूची चाळणी आणते. चाळूया."

मंगळवारी दुपारी घरामागे कामाला सुरुवात झाली. रबरी हातमोजे, नाकाला रुमाल, पायाला प्लास्टिकच्या पिशव्या. साहेबांनी पिंपाचं मागचं दार उघडलं आणि डोळे मिटून पहिलं फावडं आत घातलं. आश्चर्य म्हणजे जुना भाग खरंच काळाभोर, मोकळा होता आणि त्याला पानाखालच्या ओल्या मातीचा वास येत होता. (नव्या भागाबद्दल न बोललेलं बरं.) साहेब चाळत होते, बायको पाटी सरकवत होती. पहिल्या पाटीत शर्टाचं बटण निघालं. दुसरीत बायकोची केसांची पिन. तिसरीत त्यांच्या पेनाचं टोपण सापडलं, ज्याच्यापायी त्यांनी ऑफिसच्या शिपायाशी दोन महिने अबोला धरला होता. दोन ग्रॅमचा पत्ता नव्हता. ऊन तापलं, चष्म्यावर घाम उतरला, आणि सहाव्या पाटीला साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाई पहिल्या पाटीपासून खिडकीत उभ्या होत्या. एकदा आत जायच्या, पुन्हा यायच्या. अखेर त्या बाहेर आल्या. त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"जावईबापू, घ्या," त्या म्हणाल्या.

साहेबांनी आपल्या हातमोज्यांकडे पाहिलं. "आई, आत्ता नको."

"घ्या ना."

"खरंच नको, आई. हात बघा माझे."

"तुम्ही घ्या हो," सासूबाई रडकुंडीला आल्या. आता बायकोही वैतागली. "आई, ही काय बिस्किटं खायची वेळ आहे?" ती म्हणाली. तेव्हा सासूबाईंनी स्वतःच झाकण उघडून डबा त्यांच्या पुढे धरला.

आत बिस्किटं नव्हती. वर्तमानपत्राच्या सात पुड्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. रविवारच्या चार, सोमवारच्या दोन, त्या दिवशीची एक.

मग सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "मी नाही हो वापरत तो. एकदाही नाही वापरला. मी आपली नर्सबाईंकडे जाऊन येते. त्या पुड्यांचा मेळ बसायला हवा म्हणालात, म्हणून घेऊन ठेवत होते."

"पण का, आई?" बायकोने विचारलं.

"तू इतक्या हौसेनं घर केलंस. म्हटलं, आल्या आल्या नावं कशाला ठेवायची?" आणि मग आणखी हळू आवाजात, "शिवाय ते खालचं पिंप फिरतं ना. मी बसलेली असताना कुणी दांडा फिरवला तर?"

बायकोला हसावं की आईला जवळ घ्यावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. (हातमोज्यांसकट. त्याचं नंतर निस्तरावं लागलं.) साहेबांचं मात्र लक्ष डब्यात होतं. त्यांनी हातमोजे काढले, पुड्या एकेक करून तळहातावर तोलल्या. सर्वांत खालच्या पुडीपाशी हात थबकला. त्यांनी ती सोडली. भुशात पितळ चमकलं.

साहेबांचा जीव असा भांड्यात पडला की ते तिथेच चाळलेल्या खताच्या ढिगाऱ्यावर बसले. त्यांना आईंचा रागच येईना. चार महिने ही बाई उन्हातान्हात शेजारी चालत गेली आणि लेकीला वाईट वाटू नये म्हणून एका शब्दाने बोलली नाही, आणि आपण तिच्या मुठीचं वजन करत बसलो, हे त्यांना खरोखर लागलं. तरी निरीक्षकाचा जीव गप्प बसेना.

"आई, ही पुडी जड होती. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की. रविवारीच आलं."

"मग सोमवारी मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तेव्हा बोलले असते, तर पुडी दाखवा म्हणाला असतात," सासूबाई म्हणाल्या. "आणि रविवारी म्हटलं, तुम्ही वजन करून बांधलेली. आपलाच हात चुकत असेल."

बुधवारी चार्ज देण्याचं काम दहा मिनिटांत आटोपलं. नव्या निरीक्षक एक तरुण बाई होत्या. त्यांनी चिमट्याने एकेक वजन उचलून आपल्या तराजूत टाकलं. दोन ग्रॅमची पाळी आली तेव्हा साहेबांनी श्वास रोखून धरला. (पिंपाचा वारासुद्धा न लागलेलं ते वजन त्यांनी तरीही तीनदा धुतलं होतं.) काटा मधोमध उभा राहिला. सही झाली. साहेबांनी मसुद्याचे बारीक तुकडे केले, शिपायाला पेनाचं टोपण दाखवून त्याची माफी मागितली आणि निरोपाच्या भाषणात इतके मोकळे हसले, की हे साहेब हसतात हे ऑफिसला एकतिसाव्या वर्षी कळलं.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की पिंपाच्या दांड्याला कुलूप लावलं आणि किल्ली सासूबाईंच्या हातात दिली. दुसरं काम, दारावरचा तक्ता काढून टाकला. उरलेला भुसा दाराबाहेरच्या बादलीत ओतून ज्याने त्याने आपापल्या मुठीने घ्यायचा, असं ठरलं. सासूबाईंनी किल्ली कमरेला लावली आणि गुरुवारी सकाळी, घरातल्या सगळ्यांनी दुसरीकडे बघण्याचं नाटक केलेलं असताना, त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या प्रसन्न चेहऱ्याने. "छान आहे हो," त्या म्हणाल्या, "खिडकीतून सगळा उतार दिसतो. उगीच इतके दिवस पायपीट केली." साहेबांना निवृत्तीच्या आदेशाने वाटलं नव्हतं इतकं हायसं वाटलं.

आठवडा गेला. सासूबाई आता वर्तमानपत्र घेऊन आत जाऊ लागल्या. आधी बातम्या, मग शब्दकोडं, मग छोट्या जाहिराती. चष्मा त्यांच्या जवळच असे. बायको पहाटेच भट्टीवर जाई, तिचा प्रश्न नव्हता. पण साहेबांना आता ऑफिस नव्हतं, सकाळच्या दोन चहांनंतर जायला दुसरी जागाही नव्हती, आणि 'आई, झालं का?' असं विचारायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. आतून पान उलटल्याचा आवाज आला.

पाचव्या मिनिटाला ते नर्सबाईंच्या दारात उभे होते, ताठ आणि थोडे घामेजलेले.

"सहज आलो," ते म्हणाले. "म्हटलं, जरा ब्लडप्रेशर तपासून घ्यावं."

नर्सबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांची नजर साहेबांच्या उजव्या हातावर थांबली. घाईत निघताना सवयीने बादलीत हात गेला होता, आणि तो अजून घट्ट मिटलेला होता.

"पॅसेजच्या टोकाला, डावीकडे," त्या म्हणाल्या. "आणि तो भुसा बाहेर कुंडीत टाका. आमच्याकडे पाणी आहे."